खुब्याच्या ऑपरेशनआधी सीटी अँजिओ (डाय टोचून रक्तवाहिन्यांचा स्कॅन) सगळ्यांचाच का नको?

खानापूरकर: आमची आत्ती गोठ्यात घसरली, खुबा मोडला. बेळगावात टेबलावर घेतलं. मागून उघडल्यावर सायटिक नर्व्हला (कुल्ल्यातून पायात जाणाऱ्या जाड नसेला) लागून करंगळीएवढी जाड धमनी उडताना दिसली. डॉक्टर थांबले म्हणून वाचली. गर्भात पायाला रक्त देणारी ही धमनी. मांडीतली मोठी धमनी तयार झाली की आटते. आत्तीची आटलीच नव्हती. माझं मत, खुब्याला हात लावण्याआधी प्रत्येकाचा सीटी अँजिओ झालाच पाहिजे.

मिरज_ओटी: दादा, असली धमनी दहा हजारांत तिघा-चौघांना. त्यांच्यापायी सगळ्यांना डाय टोचायचा? आमच्याकडं खुबा मोडून येतात ती बहुतेक सत्तरीपुढची, क्रिएटिनिन आधीच चढलेलं, म्हणजे किडनी दमलेली. स्कॅनच्या रांगेत दोन दिवस गेले तर छाती भरते, पाठीला जखमा होतात. आणि नेहमीच्या जागी असलेल्या रक्तवाहिन्याही काही कमी घात करत नाहीत. खुब्याच्या वाटीचा स्क्रू पुढं-वर गेला तर थेट इलियाकला, म्हणजे पोटातून पायाकडं जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला भिडतो.

निपाणीची_सून: मग कोरोना मॉर्टिस या रक्तवाहिनीचं काय? ती तर दुर्मिळ नाही. नावच मृत्यूचा मुकुट!

मिरज_ओटी: नाव भारी आहे खरं. ती जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या, मागच्या अंगाला असते, मागून खुब्याचा गोळा बदलताना तिथं कोण जातंय? वाटीच फुटली आणि पुढून जायचं असलं तर ती आहेच असं धरून शोधतात, बांधतात, मग पुढं सरकतात. त्याला अँजिओ कशाला?

खानापूरकर: आणि आमची आत्ती?

मिरज_ओटी: जांघेत नाडी क्षीण आणि पावलावर दणकून, असं असलं की संशय घ्यायचा. कुल्ल्यावर ठोके लागले तर बघायलाच नको. कुणी बघितलं होतं?

खानापूरकर: आत्ता फाइल काढली. ‘पल्स ८४, नॉर्मल’. मनगटाचीच असणार.

निपाणीची_सून: जांघ सुजलेली, माणूस जाड, वर कळा मारतायत. लागते का हाताला नाडी? हातावर एवढा भरवसा मला नाही.

मिरज_ओटी: नाही लागली तर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, करा ताई, माझी ना नाही. डाय लागत नाही, खाटेपाशी होतो. पण सरसकट सीटी, नाही म्हणजे नाही.

खानापूरकर: डॉप्लरचं मशीन त्याच मजल्यावर होतं. मी दोन दिवस त्याच्याच बाकावर बसून होतो. सीटीचं माझं म्हणणं मी मागं घेत नाही.