'ब्लो बाय ब्लो'मधली व्हायोलिनं: हवीत की नकोत?

ठेकाधरू
गिटारवादक जेफ बेकच्या 'ब्लो बाय ब्लो' या अल्बमबद्दल (१९७५) वाकडं बोललं की लोक अंगावर येतात, तरी लिहितो. गिटारवर बेक, कीबोर्डवर मॅक्स मिडलटन, बेसवर फिल चेन, ड्रम्सवर रिचर्ड बेली. चौघांनी मिळून फंकचा, म्हणजे ठेक्यावर चालणाऱ्या संगीताचा, ठेका असा धरलाय की पाचव्याची गरजच नाही. पण निर्माता बीटल्सवाला जॉर्ज मार्टिन, त्यामुळे व्हायोलिनांचा ताफा आलाच. 'स्कॅटरब्रेन'मध्ये बेक नऊच्या मोजणीत सुसाट पळतोय आणि मागून कोणीतरी येऊन त्याच्या खांद्यावर शाल टाकतं. 'डायमंड डस्ट'च्या पाचाच्या ठेक्यात ऐसपैस जागा होती, तीही भरून टाकली. ताफा काढा, अल्बम धारदार होईल.

गज-घोडी
साफ असहमत. नऊ ट्रॅकपैकी फक्त दोनांवर ताफा आहे, आणि शिक्षा अख्ख्या अल्बमला! आदल्याच वर्षी महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचा 'अपोकॅलिप्स' मार्टिननेच केला होता, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह. इलेक्ट्रिक गिटारमागे ताफा कुठे बसवायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ठेकाधरू, तुम्ही एलपी (तबकडी) ऐकता का? दोन्ही ट्रॅक नेमके बाजूच्या शेवटी आहेत: 'स्कॅटरब्रेन'ने पहिली बाजू संपते, 'डायमंड डस्ट'ने दुसरी. प्रत्येक बाजू २२ मिनिटांची, म्हणजे सुई लेबलाच्या बरीच जवळ जाते. तबकडीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंमी वेगाने सरकते, आत तोच वेग २० ते २५ सेंमीवर येतो. तेवढ्याच आवाजाच्या लहरी कमी लांबीत कोंबल्या जातात. गोल टोकाच्या सुईला त्या नीट गिरवता येत नाहीत, मग व्हायोलिनांचे वरचे सूर खरखरतात आणि एकमेकांना चिकटतात. लंबगोल टोकाची सुई लावा, प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायची पट्टी) ठेवून कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) सरळ करा, सुईवरचं वजन कार्ट्रिजवाल्याने दिलंय तेवढंच ठेवा. वजन कमी केलं की तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

ठेकाधरू
खरखरीचं मान्य. पण सीडीला आतली खाच नसते आणि शाल तिथेही आहे! 'थेलोनियस' ऐका. ती स्टीव्ही वंडरची रचना, क्लॅव्हिनेट हा कीबोर्डही त्याचाच, श्रेयनामावलीत नाव नसलेला. जागा भरायची तर अशी, ठेक्याच्या फटीत बोट घालून.

सोल्डरवाला
तुम्ही दोघं ताफ्यावर भांडताय, आणि 'कॉज वीव्ह एन्डेड ॲज लव्हर्स'मध्ये बेकने गिटारीलाच जणू व्हायोलिनचा गज लावलाय त्याचं काय? हीसुद्धा वंडरचीच रचना, गायिका सिरीटाने १९७४ मध्ये गायलेली. सुरुवातीचे सूर आघाताशिवाय फुलतात. आवाजाची खुंटी (गिटारीवरचं व्हॉल्यूमचं बटण) शून्यावर, तार छेडायची, मग करंगळीने खुंटी उघडायची. घाई केली की पिकचा (तार छेडायच्या चकतीचा) 'टक्' ऐकू येतो, उशीर केला की सूर अर्धा मेलेला असतो.

मुखपृष्ठावरच्या चित्रात गिब्सनची लेस पॉल गिटार आहे, म्हणून लोक लेस पॉल घेऊन बसतात. या ट्रॅकवर पिकअप बनवणाऱ्या सेमूर डंकनने जुळवलेली फेंडरची टेलिकास्टर आहे, गिब्सनचे हम्बकर पिकअप (तारेच्या कंपनातून सिग्नल बनवणारी वेटोळी) बसवलेली. टेलिकास्टरची खुंटी करंगळीखाली येते, लेस पॉलवर हात ताणावा लागतो. टेलिकास्टरची तार ६४८ मिमी, गिब्सनची ६२८. त्याच तारेला त्याच सुरात सुमारे ६ टक्के जास्त ताण, त्यामुळे मींड ओढताना बोटाला जोर जास्त लागतो.

दुसरी चूक: डंकनचाच आजचा जेबी पिकअप लावणं. त्याचा विद्युतरोध १६ किलोओहमच्या आसपास, जुन्या हम्बकरांचा ८ च्या आगेमागे. जेबी जाडच बोलतो. खुंटी उतरवल्यावर आवाज घोगरा होत असेल तर तिच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकांमध्ये १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर टाका.

गज-घोडी
एवढा खटाटोप कशाला? व्हॉल्यूम पेडल आहे की.

सोल्डरवाला
पेडल ओव्हरड्राइव्हच्या (आवाज चिरवणाऱ्या उपकरणाच्या) नंतर लावलंत तर फक्त आवाज वाढतो, पोत तोच राहतो. गिटारीवरची खुंटी उघडताना ॲम्पमध्ये जाणारा सिग्नलच वाढतो, म्हणून सूर स्वच्छ सुरू होऊन हळूहळू चिरतो. पेडल वापरायचंच तर गिटार आणि ओव्हरड्राइव्हच्या मध्ये. तरी हात तारेवर आणि पाय पेडलवर, दोघांचं एकमत व्हायला वेळ लागतो.

ठेकाधरू
बघा, ज्या ट्रॅकवर ताफा नाही त्यावरच सगळ्यात जास्त लिहिलं गेलं. माझं मत बदललेलं नाही. सुई मात्र बदलतो.

गज-घोडी
बदला, आणि 'डायमंड डस्ट' शेवटपर्यंत ऐका. मधेच उचलू नका.