नागपूरच्या कॅलेंडरवर राजवाडा चालतो, मग मुतारी का नाही?

धंतोली_कॅमेरा
आपल्या ग्रुपच्या ‘नागपूरच्या वास्तू’ कॅलेंडरसाठी बारा फोटो ठरवायचे आहेत. आत्तापर्यंत आलेली नावं नेहमीचीच: महाल भागातला भोसल्यांचा नगारखाना, गांधी गेट, सीताबर्डीचा किल्ला, हायकोर्ट, विधानभवन, रेल्वे स्टेशन, जीपीओ म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, अजब बंगला हे म्युझियम, झिरो माइलच्या खांबाजवळचे घोडे, दीक्षाभूमी वगैरे. माझं म्हणणं, एक पान सार्वजनिक शौचालयाला द्या. थट्टा करत नाहीये. न्यूझीलंडमध्ये कावाकावा नावाचं एवढंसं गाव आहे. हुंडर्टवासर या चित्रकारानं तिथे १९९९ मध्ये शौचालय बांधलं. भिंतीत रिकाम्या बाटल्या बसवल्या, फरशा वेड्यावाकड्या लावल्या, जागेवरचं झाड न तोडता बांधकामात घेतलं. आज प्रवासी मुद्दाम गाडी थांबवून त्याचे फोटो काढतात. टोकियोच्या शिबुयात शिगेरू बान या वास्तुकारानं २०२० मध्ये रंगीत काचेची शौचालयं उभारली. रिकामी असली की आरपार दिसतात, आतून कडी लावली की काच धूसर होते. दारात उभं राहूनच कळतं, आत कोणी नाही आणि जागा स्वच्छ आहे. वास्तुकला म्हणजे नुसते घुमट आणि कमानी का?

महालचे_नाना
काय बाप्पा, कॅलेंडर लोकं घरात टांगतेत. आमच्या इथं खिळा देवघराच्या बाजूले आहे. जून उलटला की समोर मुतारी? बायको घरात घेईन का मले?
आणि आधी नगारखान्याचा एक धड फोटो काढून दाखवा. भोसल्यांचा काळ्या दगडाचा वाडा, त्यावर लाकडी नक्षी, सारा १८६४ च्या आगीत गेला. उरला तो नगारखाना. त्याच्याही पुढं वायरींचं जाळं अन् वाढदिवसाचे फ्लेक्स. मालक सुटला अन् तुमी न्हाणीघर शोधून राहिले!

तर्री_पोहे
फ्लेक्सवरच्या भाऊंना अकरा महिने द्या, बारावा मुतारीला. दोन्ही सार्वजनिकच.

वैदेही_सदर
मी विरोधात, पण नानांच्या कारणासाठी नाही. शिबुयातली ती शौचालयं दिवसातून तीन वेळा धुतली जातात, तेव्हा कुठे ती फोटोत गोंडस दिसतात. जिथे साधं शौचालय नीट चालतं तिथेच ‘गमतीदार’ शौचालय शोभतं.
माझं दुकान बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात. जवळच्या शौचालयाची हकीकत ऐका. भिंतीवर रंगवलंय ‘लघवी निःशुल्क’. खाली टेबल टाकून बसलेला माणूस बायकांकडून पाच रुपये घेतो, पुरुष तसेच आत जातात. विचारलं तर म्हणतो, बायका पाणी जास्त वापरतात. आत बादली आहे, मग्गा नाही. कडी तुटली आहे, तिथे सुतळी बांधली आहे. एका हाताने ती सुतळी धरायची, दुसऱ्या हातात पर्स. रात्री आठला कुलूप, बाजार मात्र दहापर्यंत चालू. मुंबईत बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ची, म्हणजे बायकांना मोफत आणि स्वच्छ मुतारी मिळावी म्हणून, मोहीम चालवली ती याचसाठी. आपण तेच ग्लॉसी कागदावर छापून म्हणायचं, बघा किती वेगळा विषय?

धंतोली_कॅमेरा
वैदेहीताई, ती सुतळीच छापूया ना! मी सुंदर शौचालय म्हटलंच नव्हतं.
आणखी एक. आपल्या यादीतल्या किती वास्तूंत साध्या माणसाला शिरता येतं? सीताबर्डीचा किल्ला सैन्याकडे. लोकांसाठी उघडतो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. हायकोर्टासमोर ट्रायपॉड उघडला की पोलीस आलाच. विधानभवनाचं तर विचारूच नका. शहरात कुणीही, कधीही शिरावं म्हणून बांधलेली इमारत शौचालयच, आणि तिलाच आपण वास्तू मानत नाही.

इंदोऱ्याचा
दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सोडली. जुन्या वाड्याचा फोटो लोक नेहमी समोरून काढतात. नक्षीचा दरवाजा, देवडी, खांब. मागं अरुंद बोळ असायचा, तिथून टोपलीच्या संडासाला खालून एक झडप. ती उघडून मैला उपसणारा माणूस समोरच्या दारानं कधी आत आला नाही. तो कोणत्या जातीचा, ते नागपुरात सांगायची गरज नाही. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध कायदा १९९३ ला झाला, मग २०१३ ला नवा करावा लागला, कारण पहिल्यानं भागलं नाही.
तेव्हा शौचालयाचं पान ठेवाच, पण बाटल्या अन् रंगीत काचांची गंमत म्हणून नको. एखादा असा बोळ शिल्लक असंल तर त्याचा फोटो घ्या, खाली दोन ओळी लिहा. आणि सफाई कामगाराला झाडूसकट ‘पोर्ट्रेट’साठी उभं करू नका. ते आधीच लय झालं.

महालचे_नाना
बोळाचं खरं आहे. आमच्या वाड्यामागं होता, आता तिथं स्कूटर ठेवतो. पण भाऊ, आमी स्वातंत्र्यानंतर जन्मलेली माणसं, वाड्याचा अभिमान सोडून द्यावा का?

इंदोऱ्याचा
सोडा कोण म्हणून राहिलं? मागं जाऊन पाहा म्हणतो.

प्रतापनगर_७
सेवाग्रामची आठवण आली. बापूकुटीत गांधीजींचं न्हाणीघर आणि कमोडही पाहायला मिळतात. लोक चरख्यापुढे दोन मिनिटं थांबतात आणि तिथे मात्र वाकून वाकून बघतात. तो फोटो घ्या. वाद मिटेल, देवघरालाही चालेल.

महालचे_नाना
ते वर्धा जिल्ह्यात येते. कॅलेंडर नागपूरचं आहे.

धंतोली_कॅमेरा
तांत्रिक बाजू सांगतो, मग मत द्या. हायकोर्ट हेन्री मेड या वास्तुकाराचं, १९४० चं. त्या वालुकाश्माला सकाळचं तिरपं ऊन लागतं, नऊनंतर भिंत पांढरी फटक पडते. नगारखान्याचा काळा दगड उलटा, ढगाळ दिवशीच उठून दिसतो. स्टेशनची १९२५ ची इमारत रिक्षांशिवाय घ्यायची तर पहाटेच. शौचालयाला यातलं काही लागत नाही. पण माझा नियम ठरलाय: आतबाहेर कोणी असलं तर कॅमेरा पिशवीत. महिलांच्या बाजूला मी जाणार नाही. वैदेहीताई, सुतळीचा फोटो तुम्हीच काढा.

वैदेही_सदर
काढते. मोबाइलवरच काढीन. पण बाजूला छापायचं: उघडण्याची वेळ, कुलूप लावण्याची वेळ, आणि पाच रुपये. एवढं नसेल तर माझं मत नाही समजा. ‘इंदोऱ्याचा’ सांगतो त्या बोळाला वेगळं पान द्या, एकाच पानात दोन्ही कोंबू नका.

तर्री_पोहे
म्हणजे दोन पानं गेली. जीपीओ आणि अजब बंगल्यातलं कोण बाहेर?

महालचे_नाना
अजब बंगल्याले हात लावाल तर मी ग्रुप सोडतो. १८६३ चं म्युझियम आहे ते! जीपीओचं पाहून घ्या तुमी.
माझं मत विरोधातच लिहा. तरी छापसानच, तर जूनमधे नको, घरी लग्न आहे, पाहुणे येतेत. फेब्रुवारीत टाका. अठ्ठावीस दिवसांत उरकते.