कोकणचा खरा हंगाम कोणता? मे आणि नाताळ, की कार्तिक ते फाल्गुन?

सड्यावरचा (राजापूर)
मे उजाडला की तारकर्ली, गणपतीपुळे, गुहागर, दिवेआगर इथे माणसं लोटतात आणि पहिल्या पावसाबरोबर सगळं ओस पडतं. नाताळच्या आठवड्यात पुन्हा तेच. माझं म्हणणं असं, की कोकण कधी बघायचं हे शाळेच्या सुट्टीवर ठरवणं चूक आहे. ते देवळाच्या पंचांगावर ठरवायला हवं.

मे महिन्यात आंबा आणि समुद्र मिळतो, मान्य. पण तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तरी जांभा दगड पाणी धरत नाही, ते उतारावरून खाडीत जातं. एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांवर टँकर येतो, आणि नेमके तेव्हाच आपण सगळ्यात जास्त पाहुणे बोलावतो.

आता त्रिपुरी पौर्णिमेनंतरचं कोकण बघा. सावंतवाडी तालुक्यात सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा होते. तिथून पुढे सिंधुदुर्गात गावोगाव जत्रा आणि जत्रेच्या रात्री दशावतार, म्हणजे देवादिकांच्या कथांचं लोकनाट्य. लिहिलेली संहिता नाही, आख्यान ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे उभे राहतात, पहाटेपर्यंत. संक्रांतीला देवरुखजवळ मार्लेश्वराचं गिरिजादेवीशी लग्न लागतं. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा. फाल्गुनात शिमगा, ग्रामदेवतेची पालखी घरोघर. सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, कोरडा असतो, म्हणून त्यावर कोरलेली कातळशिल्पंही नीट दिसतात. कशेळीचा हत्ती, ज्याच्या अंगात इतर कितीतरी प्राणी कोरलेत, पावसाळ्यात गवताखाली शोधावा लागतो. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. किती पाहुण्यांना ती दाखवली जातात?

मालवण बंदर
दादा, मनापासून लिहिलंत, पण हप्ता बँकेला द्यायचा असतो, देवळाला नाही. आमच्या खोल्या भरतात त्या मेमध्ये, दिवाळीत आणि नाताळात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. ज्या घरात शाळेत जाणारं पोर आहे, ते घर महाशिवरात्रीला कुणकेश्वरला कसं येणार?

आणि आमचं वर्ष मुळातच आखूड आहे. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद. उरलेल्या महिन्यांतले मे आणि डिसेंबर काढून घेतले तर आमच्याकडे राहतं काय? पाण्याचं तुमचं खरं आहे. त्यावर उपाय साठवण टाक्या आणि बंधारे. पाहुण्याला नको म्हणणं हा उपाय नाही.

नाव गावाचं नको
मला दोघांचंही पटत नाही, आणि सड्यावरच्या दादांचं तर अजिबात नाही.

आमचा शिमगा बघायची वस्तू नाही. पालखी दारात येते तेव्हा घरातली बाई ओटी भरते, कुणी नवस फेडतं, कुणी रडतं. मुंबईहून चाकरमानी हातापाया पडून रजा घेऊन येतो, ते वर्षातून एकदा देव आपल्या उंबऱ्यात येतो म्हणून. गेल्या काही वर्षांत पालखी नाचवताना मधे कॅमेरे घुसतात, डोक्यावर ड्रोन घोंघावतो. मानकऱ्यांनी सांगितलं तर वाद घालतात, ‘आम्ही एवढ्या लांबून आलोय’ म्हणतात.

आंगणेवाडीचं बघा. भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल, म्हणजे तिची संमती, घेऊन गाव ठरवतं. एका वाडीची जत्रा, आज तिथे लाखो माणूस लोटतो. भाविक आहेत, म्हणून निभतं. उद्या प्रत्येक गावाची जत्रा ‘कल्चरल टूर’मध्ये घातली तर गावाला उभं राहायला जागा उरणार नाही. समुद्र सगळ्यांचा आहे, तो दाखवा. देव दाखवायला काढू नका.

सड्यावरचा (राजापूर)
ताई/दादा, पालखीबद्दल तुमचं म्हणणं मला लागलं आणि ते बरोबरही आहे. घरातली पूजा आणि देवळाच्या आवारातला खेळ मी एकाच माळेत ओवले, ते वेगळे करतो. पण दशावतार तर पहिल्यापासून सगळ्यांसाठी आहे. तिथे कुणी कुणाला गाव विचारत नाही. जत्रेत खाजा विकणाऱ्यालाही चार माणसं जास्त आली तर हवीच असतात.

आणि मंडणगड तालुक्यातलं वेळास विसरू नका. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं, गाव त्यात उतरलं. आज फेब्रुवारी ते एप्रिल लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, तिथलंच जेवतात. पिल्लं सोडताना दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, एवढा नियम पाळतात. म्हणजे अडचण पाहुण्यांची नाही, नियम कोण घालतो याची आहे. परीक्षांचं म्हणाल, तर ज्यांच्या घरात शाळकरी मुलं नाहीत असेही पुष्कळ आहेत. त्यांना तरी वेगळ्या महिन्यात बोलवा.

पेटीवाल्याची मुलगी (कुडाळ)
माझे बाबा दशावतारात पेटी वाजवायचे, म्हणून लिहिते. लोक यावेत असं मला फार वाटतं, पण रात्रभर बसणारे. अकराला येऊन सुरुवातीला येणाऱ्या संकासुर या पात्राचा फोटो काढून साडेअकराला निघणारे नकोत. समोरच्या खुर्च्या मधेच रिकाम्या झाल्या की नटाचा आवाज बसतो, हे मी बघितलंय. रंगात आलेलं युद्ध, राजा-राक्षसाची खडाजंगी पहाटेकडे असते.

त्याहून वाईट म्हणजे रिसॉर्टवर जेवणाआधी अर्ध्या तासाचा दशावतार. कलाकाराला पाकीट मिळतं, नाकारणार कोण? पण आख्यान उभं राहायच्या आत आरती होते.

ज्यांना वेळ नाही त्यांनी कुडाळजवळ पिंगुळीला जावं. तिथले ठाकर कलाकार चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली कथा, आणि कळसूत्री बाहुल्या दाखवतात. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ते बघायला जत्रेची तारीख लागत नाही, आणि कुणाच्या देवघरात पाऊलही पडत नाही.

पावसाळी पुणेकर
तुम्ही सगळे पावसाळा का सोडताय? लावणीची शेतं, आंबोलीचे धबधबे, धुक्यातले घाट. कोकण खरं तेव्हाच सुंदर असतं, आणि खोल्याही रिकाम्या असतात.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
सुंदर असतं, नाही म्हणत नाही. पण २२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारपेठेत पाणी घुसलं ते मी विसरू शकत नाही. आषाढात दरड कधी येईल सांगता येत नाही, रेल्वेसुद्धा पावसाळी वेळापत्रकात वेग कमी ठेवून धावते. आंबोलीत शनिवार-रविवारी जी रांग लागते, त्यात रुग्णवाहिका अडकली तर काय?

यायचंच तर श्रावणात या, जोर ओसरल्यावर. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर जा. आणि गणपतीत कृपा करून फिरायला येऊ नका. त्या गाड्यांवर चाकरमान्यांचा हक्क आहे. वर्षभर कुलूप असलेली घरं त्या दिवसांतच उघडतात.

मालवण बंदर
पुन्हा लिहितो, कारण पिंगुळीचं ताईंनी बरोबर सांगितलं. पाहुण्यांना मी तिथे पाठवत नव्हतो, यापुढे पाठवीन. माघ-फाल्गुनात खोलीचा दर उतरवायलाही तयार आहे. पण जत्रेची तारीख ऐन वेळी कळते आणि पाहुणा दोन महिने आधी तिकीट काढतो. याला काय करायचं ते सांगा.

नाव गावाचं नको
काही करू नका. तारीख गाव ठरवेल. ज्याला यायचं आहे तो तारीख कळल्यावर एसटीने येईल आणि मागे उभा राहून बघेल. पालखीच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही.

सड्यावरचा (राजापूर)
जत्रांचं मान्य. पण मार्लेश्वर संक्रांतीला, कुणकेश्वर महाशिवरात्रीला, सोनुर्ली त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, या तारखा वर्षभर आधी कळतात. कातळशिल्पं तर डिसेंबर ते मार्च कधीही बघता येतात. मालवणवाल्यांनी एवढ्यांपासून सुरुवात करावी.