शब्दचर्चा : ‘प्रमाण’ आणि ‘पुरावा’ – श्रद्धेला यांपैकी नेमके काय लागत नाही?

प्रश्न

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी ‘श्रद्धा, तत्त्वज्ञान आणि व्यवहार’ असा एक लेख आला आहे. त्याची मुद्रिते तपासताना ‘श्रद्धेला प्रमाण लागत नाही’ या वाक्यावर मी अडखळले. शब्द हिंदीच्या वळणाने आला असावा असे समजून मी तिथे ‘पुरावा’ घातले आणि लेखकांना तसे कळवले. लेखक ज्येष्ठ आहेत. ‘ताई, हे दोन शब्द एक नव्हेत, माझा शब्द परत ठेवा,’ एवढेच ते फोनवर म्हणाले. फरक काय, हे विचारायचे धाडस मला झाले नाही. मराठीत मला ‘प्रमाण’ भेटते ते पाककृतीत, प्रमाणपत्रात आणि प्रमाणभाषेत, आणि या तिन्हींचा श्रद्धेशी काही संबंध दिसत नाही. लेखकांचा आग्रह योग्य आहे का? अंक येत्या गुरुवारी छपाईला जायचा आहे.

प्रतिसाद (निवृत्त संस्कृत शिक्षक)

लेखकांचा शब्दाबद्दलचा आग्रह योग्य आहे, पण त्यांचे वाक्य माझ्या मते चूक आहे.

आधी व्युत्पत्ती पाहू. ‘मा’ म्हणजे मोजणे. त्याला ‘प्र’ हा उपसर्ग लागून ‘प्रमा’ म्हणजे यथार्थ ज्ञान आणि ज्याने ते ज्ञान होते ते ‘प्रमाण’. अनुमान, उपमान, परिमाण ही सगळी याच धातूची भावंडे आहेत आणि शाळेच्या भूमितीत आपण घोकलेले ‘प्रमेय’ म्हणजे मुळात ‘जे जाणायचे ते’. न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या सूत्रांनी प्रत्यक्ष (इंद्रियांना कळते ते), अनुमान (तर्क), उपमान (साम्यावरून ओळख) आणि शब्द (विश्वासार्ह वचन) अशी चार प्रमाणे मोजली. इतर दर्शनांपैकी चार्वाकाने एकट्या प्रत्यक्षावर भागवले, बौद्ध आणि वैशेषिक दोनांवर थांबले, सांख्यांनी तीन मानली, तर भाट्ट मीमांसक आणि अद्वैती सहापर्यंत गेले. या आकड्यांवरून शतकानुशतके वाद झाले, कारण कोण काय मानतो यापेक्षा कशाच्या आधारावर मानतो, हा तिथला खरा प्रश्न होता.

आता मराठीतल्या क्रियापदांकडे लक्ष द्यावे. पुरावा आपण देतो, मागतो, गोळा करतो, सादर करतो. कोणी तो नष्टही करतो. प्रमाण मात्र ‘मानतो’ किंवा ‘धरतो’. पुरावा एखाद्या विशिष्ट गोष्टीसाठी असतो आणि प्रमाण म्हणजे पुरावा म्हणून काय चालेल हे ठरवणारी कसोटी. म्हणून ‘ग्रंथप्रामाण्य’, ‘व्यक्तिप्रामाण्य’, ‘बुद्धिप्रामाण्य’ असे शब्द आपल्याकडे रुळले. ग्रंथाला शरण जाणारा आणि बुद्धीशिवाय कोणालाही न जुमानणारा, या दोघांची नावे मराठीने एकाच शब्दावरून पाडली आहेत. ‘पुरावावादी’ असे कोणी कोणाला म्हणत नाही.

म्हणून ‘श्रद्धेला पुरावा लागत नाही’ हे विधान वादापुरते मान्य करता येईल, पण ‘श्रद्धेला प्रमाण लागत नाही’ हे टिकणारे नाही, कारण श्रद्धा ठेवणे याचाच अर्थ कशाला तरी प्रमाण मानणे असा आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायाचा शेवटचा श्लोक ‘तस्माच्छास्त्रं प्रमाणं ते कार्याकार्यव्यवस्थितौ’ असे सांगतो: काय करावे आणि काय करू नये हे ठरवताना शास्त्र हे तुझे प्रमाण. यात श्रद्धा, तत्त्वज्ञान आणि व्यवहारातला निर्णय हे आपल्या लेखकांचे तिन्ही विषय एका ओळीत बसले आहेत. आणि लगेच पुढच्या श्लोकात अर्जुन विचारतो की, शास्त्रविधी सोडून पण श्रद्धेने जे यजन करतात त्यांची निष्ठा कोणती? म्हणजे हीच शंका त्यालाही आली होती.

प्रतिसाद (एक निवृत्तिवेतनधारक)

गुरुजींच्या विवेचनात एका गंमतीची भर घालतो. दर नोव्हेंबरात मला मी जिवंत असल्याचे बँकेला कळवावे लागते. मराठीत याला आम्ही ‘हयातीचा दाखला’ म्हणतो. केंद्र सरकारने २०१४ साली त्याची डिजिटल सोय केली तेव्हा नाव दिले ‘जीवन प्रमाण’. हिंदीत ‘प्रमाण’ सर्रास पुराव्याच्या अर्थाने येते, त्यामुळे ताईंची शंका अगदीच निराधार नाही.

त्या सोयीच्या आधीची गोष्ट आहे. दाखल्यावर सही राहून गेली होती म्हणून मी खिडकीशी उभा होतो. पलीकडच्या तरुणाने माझ्याकडे पाहून ‘काका, बसा, पाणी घ्या’ असे अगत्याने म्हटले आणि मग कागद परत करत सांगितले, ‘पण यावरून तुम्ही हयात आहात असे दिसत नाही.’ मी पाणी प्यायलो. त्या खिडकीत प्रत्यक्षापेक्षा शब्दप्रमाण बलवत्तर होते आणि विचार केल्यावर मला तो नियम अगदीच मूर्खपणाचा वाटला नाही, कारण त्या मुलाला मला ओळखायचे नव्हते, तर हजारो खातेदारांसाठी एकच रीत पाळायची होती.

प्रतिसाद (आळंदीच्या वाटेवरची)

दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी वारीला चालणाऱ्या माणसाला न्यायशास्त्राच्या वर्गात बसवल्यासारखे वाटले. माझ्या आजीने कोणतेही प्रमाण मानल्याचे मला आठवत नाही. ती शिऱ्यात साखर घालायची तीही मूठ पाहून. ‘प्रमाण सांग’ म्हटले की ‘हाताला कळते’ म्हणायची. विठ्ठलाबद्दलही तिचे तसेच होते. तुकोबांनी तर स्पष्ट सांगितले आहे, ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥’ इथे शास्त्र नाही, अनुमानही नाही. मनाची साक्ष आहे आणि ती पुरते. मग श्रद्धेला प्रमाण लागत नाही, हेच खरे नव्हे का?

प्रतिसाद (निवृत्त संस्कृत शिक्षक)

आपल्या आजींचा हात हेच त्यांचे प्रमाण होते आणि शिरा बिघडत नव्हता याचा अर्थ ते चांगले प्रमाण होते. तुकोबांच्या ओळीतही प्रमाण नाकारलेले नाही. बहुमत नाकारून मन स्वीकारले आहे. ‘ग्वाही’ हा फारसीतून आलेला, कज्जेखटल्यांत रुळलेला शब्द त्यांनी निवडला हे मला महत्त्वाचे वाटते, कारण साक्षीदाराची उलटतपासणी होते. हे मन आधी तासून घेतलेले आहे.

न तासलेल्या मनाचे काय होते, ते कालिदासाच्या ‘शाकुंतला’त पाहावे. पहिल्या अंकात शकुंतलेला पाहताच दुष्यंत म्हणतो की, संदेहाच्या प्रसंगी सज्जनांच्या अंतःकरणाचा कल हेच प्रमाण. आणि माझे मन हिच्याकडे ओढले जाते, त्या अर्थी ही क्षत्रियाला वरण्याजोगी असलीच पाहिजे. हवा तो निर्णय आधी घेऊन प्रमाण मागाहून शोधण्याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे माहीत नाही. पाचव्या अंकात तीच शकुंतला दारात उभी राहते तेव्हा, शाप हे कारण असले तरी, तो राजा अंतःकरणाकडे न पाहता तिने देऊ केलेल्या खुणेवर विसंबतो आणि अंगठी सापडत नाही. पहिल्या अंकात प्रमाण आणि पाचव्यात पुरावा. ताईंना हवा असलेला फरक या दोन अंकांच्या मध्ये आहे.

प्रतिसाद (कोकणातून)

व्यवहारातल्या निर्णयाबद्दल बोलायचे तर पंचांगाचा वाद या चर्चेत यायलाच हवा. माझ्या आजोळी शेजारशेजारच्या दोन घरांत, अधिक मास वेगवेगळा धरला गेलेल्या एका वर्षी, गणपती एक महिन्याच्या अंतराने आले होते. मला लहान असताना त्याचा आनंदच झाला, मोदक दोनदा मिळाले. मोठी माणसे मात्र एकमेकांकडे आरतीला जाताना जरा अवघडलेली असत.

ही भानगड कशी झाली? नांदगावच्या गणेश दैवज्ञ या ज्योतिषाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला. तो लिहिताना त्याने कोणत्याही एका जुन्या सिद्धांताला चिकटून न राहता, ज्या ग्रहाचे गणित ज्या पक्षाप्रमाणे, म्हणजे गणिताच्या परंपरेप्रमाणे, आकाशाशी जुळत होते त्या पक्षाचे ते उचलले. त्याचे प्रमाण दृक्प्रत्यय होते: डोळ्यांना दिसते ते. पुढे तीनशे वर्षे त्याच ग्रंथावरून पंचांगे होत राहिली आणि सूक्ष्म चुका साचत गेल्या, तेव्हा याच ग्रंथाचा आधार घेऊन लोक आकाशाला खोटे ठरवू लागले. गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून नव्या वेधांवर, म्हणजे आकाशाच्या निरीक्षणांवर, आधारलेले पटवर्धनी पंचांग काढले आणि लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाचा प्रश्न हाती घेतला. त्यासाठी १९०४ मध्ये मुंबईला आणि १९२० मध्ये सांगलीला परिषदा भरल्या.

विरोधकांना आपण सहज अंधश्रद्ध म्हणून मोकळे होतो, पण त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. ग्रहण डोळ्यांना दिसते, म्हणून तिथे आकाशाशी जुळणारे गणित घ्या. एकादशी डोळ्यांना दिसत नाही, तिचे फळही अदृष्ट आहे, म्हणून तिथे ग्रंथच प्रमाण. त्यांच्या हाती ‘बाणवृद्धी रसक्षय’ हा नियम होता: तिथी साठ घटिकांपेक्षा (एक घटिका म्हणजे चोवीस मिनिटे) फार तर पाच घटिका वाढते आणि सहा घटिका घटते, आणि धर्मशास्त्रातले निर्णय या हिशेबावर बेतलेले आहेत असे त्यांचे म्हणणे होते. नव्या गणिताने तिथी सात घटिका वाढू लागली आणि दहा घटिका घटू लागली, तर ते निर्णय कुठे बसवायचे? सुधारकांचे उत्तर मला पटते: एकादशीला उपवास करावा की नाही हे शास्त्र सांगेल, पण एकादशी कधी लागते हा चंद्र-सूर्यांमधल्या अंतराचा प्रश्न आहे आणि तो चंद्र-सूर्यांनाच विचारला पाहिजे.

तरीही आजोळचे दोन गणपती या वादातून आलेले नाहीत. ते आले पुढच्या, अधिक नाजूक प्रश्नातून: राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे धरायचा? टिळक पंचांगाने रेवती नक्षत्रातल्या एका ताऱ्याला धरून तो ठरवला, तर इतर बहुतेक पंचांगांनी चित्रा ताऱ्याच्या हिशेबाने. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक पडतो, त्यामुळे संक्रांती सुमारे चार दिवस मागेपुढे होतात आणि एखाद्या वर्षी अधिक मासच बदलतो. इथे दुर्बीण कितीही मोठी आणली तरी उपयोग नाही, कारण आकाशात आरंभाची रेघ मारलेली नाही. हा संकेत, म्हणजे आपण ठरवून घेतलेली गोष्ट, आहे आणि संकेत मानायचा असतो. दोन्ही घरे दृक्प्रत्ययवादीच होती, फक्त संकेतात फुटली. प्रत्यक्ष कुठे संपते आणि मानणे कुठे सुरू होते, हे दाखवण्यापुरते का होईना, तत्त्वज्ञान त्या दोन ओट्यांच्या मधल्या पाणंदीतून गेले आहे असे मला वाटते.

प्रतिसाद (निवृत्त संस्कृत शिक्षक)

उत्तम उदाहरण. शंकराचार्यांनीही गीताभाष्याच्या शेवटच्या अध्यायात म्हटले आहे की, अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतिवाक्यांनी सांगितले तरी ती त्या बाबतीत प्रमाण होत नाहीत. वेद प्रमाण, पण आपल्या विषयापुरता. डोळा रूपासाठी आणि कान ध्वनीसाठी असतो तसा. ‘बाबावाक्यं प्रमाणम्’ ही आपल्याकडची थट्टा बाबांची नसून, बाबांना त्यांच्या कक्षेबाहेरचे विचारणाऱ्यांची आहे.

आळंदीच्या वाटेवरच्या बाईंसाठी आणखी एक. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात माउली सांगतात की, शास्त्राने सोडायला लावले तर राज्यही गवतासारखे टाकावे. तेच ज्ञानेश्वर अनुभवामृताच्या तिसऱ्या प्रकरणात शिवसूत्र हा शैव ग्रंथ आणि गीता यांचा दाखला देतात आणि लगेच म्हणतात की, शिवाने किंवा श्रीवल्लभाने (विष्णूने) सांगितले म्हणून आम्ही हे मानतो असे नाही. ते बोलले नसते तरी आम्हाला हे लाभलेच असते. एका ग्रंथात साधकाला कार्याकार्य सांगायचे आहे आणि दुसऱ्यात स्वतःला आलेला अनुभव सांगायचा आहे, म्हणून प्रमाण बदलले. मला यात विसंगती दिसत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. ही चर्चा छापून मी आज लेखकांकडे घेऊन गेले. त्यांनी ती चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून पूर्ण वाचली. दुष्यंताच्या परिच्छेदाशी ते हसले. मग म्हणाले, ‘फार छान, पण माझे पुढचे वाक्य कोणी वाचले का?’

मी मुद्रित काढले. पुढचे वाक्य असे आहे: ‘कोणाची किती, हे देवच जाणे.’ त्यांना ‘प्रमाण’ मापाच्या, म्हणजे आजींच्या शिऱ्याच्या अर्थाने हवे होते. ‘मग “माप” का लिहीत नाही?’ असे मी विचारले, तर ‘माप धान्याला लागते’ असे उत्तर मिळाले. पाककृतीतल्या ‘प्रमाणा’चा श्रद्धेशी काय संबंध, असे मीच पहिल्या दिवशी विचारले होते, आणि पुढचे वाक्य न देता प्रश्न टाकला, ही चूकही माझीच. ‘पुरावा’ काढून ‘प्रमाण’ परत ठेवले आहे. दोन वाक्यांमधला पूर्णविराम काढून तिथे अर्धविराम देण्याची परवानगी मात्र मी मिळवली.

प्रतिसाद (निवृत्त संस्कृत शिक्षक)

वाक्याचा अर्थ लावण्याआधी प्रकरण, म्हणजे मागचा-पुढचा संदर्भ, पाहावे, हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले. अर्धविराम योग्य आहे.