पहिला डेस्कटॉप, मॉनिटर धरून ३० हजार: पत्रिका आणि फ्लेक्सच्या कामासाठी काय घेऊ?

नवखा_ऑपरेटर
नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या सिडकोत राहतो. चार वर्षं शालिमारजवळ एका डीटीपीच्या दुकानात ऑपरेटर आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स. आता घरी स्वतःचं मशीन घ्यायचंय, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं करायला. २०२७ च्या सिंहस्थाआधी बस्तान बसवायचंय. कोरल आणि फोटोशॉप लागतं. गेम खेळत नाही. बजेट ३० हजार: आईच्या भिशीचे २२, माझे ८. एकतिसावा हजार नाही. आमच्याकडे लाईट दिवसातून दोन-तीनदा जाते-येते. एमजी रोडला विचारलं तर ३८ चं कोटेशन हातात दिलं. काय घेऊ?

रॅमभाऊ
डोळे झाकून रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. वर एक ग्राफिक्स कार्ड टाक १२ जीबीचं. कॅबिनेट काचेचं घे, तीन फॅनवालं. ५५ पर्यंत बसतं. माझ्याकडे हेच आहे, मख्खन चालतं.

तर्रीबाज
त्याने ३० लिहिलंय हो.

रॅमभाऊ
वाचलंय. वस्तू एकदाच घ्यायची तर चांगली घ्यावी, एवढंच म्हणणं आहे.

पासवाला_पंचवटी
नाशिकमध्ये घेऊच नकोस. सकाळच्या पंचवटीने मुंबई, तिथून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोड. संध्याकाळी त्याच गाडीने परत. रविवारी मात्र जाऊ नको, बहुतेक दुकानं बंद असतात. मी दोन मशीनं अशीच मांडीवर आणलीत.

तर्रीबाज
आणि तीन महिन्यांनी बोर्ड गेला की परत मांडीवर घेऊन जा. कॅनडा कॉर्नरला नाहीतर एमजी रोडला घेतलं तर निदान त्याच्या काउंटरवर जाऊन उभं राहता येतं. पक्कं बिल घे भाऊ, प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर टाकलेलं.

सातपूर_सेकंडशिफ्ट
माझी चूक करू नको. हजार रुपये वाचतात म्हणून नावापुढे एफ लावलेला प्रोसेसर घेतला. दुकानदार बोलला नाही, मी विचारलं नाही. घरी आणून जोडलं. पंखा फिरतोय, लाईट लागतोय, स्क्रीन काळी. केबल बदलली, शेजाऱ्याचा मॉनिटर आणला, रॅम खोडरबराने घासली. तीन दिवस. चौथ्या दिवशी कंपनीतला मेंटेनन्सवाला पोरगा म्हणाला, साहेब, एफ म्हणजे आत ग्राफिक्सच नाही, कार्ड लावल्याशिवाय चित्र दिसणार नाही. वाचलेले हजार आणि वर अडीच हजार जुन्या कार्डात गेले. आय३-१२१०० आणि आय३-१२१००एफ, फरक एका अक्षराचा.

नवखा_ऑपरेटर
@सातपूर हे माहीत नव्हतं. कोटेशन परत बघितलं, त्यात एफच आहे आणि कार्ड कुठेच नाही. 😐

गंगापूर_रोडवाली
लॅपटॉप घे ना. लाईट गेली तरी चालतो.

रॅमभाऊ
डिझाइनच्या कामाला लॅपटॉप? १५ इंचांत पत्रिकेचा मजकूर तपासून दाखवा. तसंही पत्रिका आता छापतं कोण, सगळं व्हॉट्सॲपवर. या धंद्यात पैसा घालण्याआधी विचार कर म्हणावं.

गंगापूर_रोडवाली
पहिली पत्रिका नवश्या गणपतीपुढे ठेवायची असते. तिथे काय मोबाईल ठेवणार? गेल्याच मे महिन्यात भावाच्या लग्नाच्या ४०० छापल्या आम्ही.

तर्रीबाज
आमच्याकडे ७०० छापल्या आणि वाटायला मी एकटा. तीनशे अजून माळ्यावर आहेत.

कुंकू_लाल
छपाईचा विषय निघालाच आहे तर मॉनिटरबद्दल कुणीतरी बोला. मी अशाच एका दुकानात सहा वर्षं होते. स्वस्तातला टीएन पॅनल होता. मान थोडी खाली घातली की रंग वेगळा, वर केली की वेगळा. गिऱ्हाईक बाजूला बसून "हाच लाल" म्हणालं, मी समोर बसून ओके दिला. छापून आली ती विटकरी. हजार पत्रिका. मुलाचे वडील नुसते त्या गठ्ठ्याकडे बघत राहिले, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पॅनल आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसा बदलत नाही तो) आहे का ते विचारा, आणि लाल कधीही स्क्रीन बघून ठरवू नका, सीएमवायकेचे, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे, आकडे बघा. मॅजेंटा १००, यलो १००.

पाथर्डी_फाटा
मीपण ५६००जीच सांगणार होतो. पण रॅमच्या दोन पट्ट्या घे, ८-८ च्या. त्याचं ग्राफिक्स रॅममधूनच जागा खातं, १६ ची एकच पट्टी लावली तर रडतं.

रॅमभाऊ
मी आधीच सांगितलंय ५६००जी.

पाथर्डी_फाटा
तुम्ही दोन पट्ट्या नाही सांगितल्या. आणि रॅमचे भाव विचारलेत का हल्ली? सगळा माल एआयवाल्यांच्या सर्व्हरला चाललाय. मी जी जोडी घेतली होती तिचा आता दुपटीच्या वर आकडा सांगतात.

देवळाली_कॅम्प
रिफर्बिश्ड ऑफिस पीसी बघ. बँका नि कंपन्या लॉटमध्ये काढतात ते. इंटेल आठव्या पिढीचा तरी हवा, त्याखाली विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. "आय७ पीसी फक्त १२ हजार" अशा जाहिरातीत बहुतेकदा तिसऱ्या पिढीचा आय७ असतो. पोरं आय७ बघून भुलतात. बारका डबा घेऊ नको, त्याचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठा) त्याच्याच मापाचा असतो. माझा गेला तेव्हा बाजारातला कुठलाच बसेना, दीड महिना मशीन नुसतं टेबलावर.

सातपूर_सेकंडशिफ्ट
एसएमपीएसवरून आठवलं. कॅबिनेटसोबत फुकट येतो तो लावू नको. ४५० वॉट छापलेलं असतं, हातात घेतला की रिकाम्या डब्यासारखा लागतो.

जुना_फ्लेक्सवाला
एवढे सल्ले आले, मुलगा काम काय करणार हे कुणी विचारलं नाही. बाळा, १० बाय २० फुटांचा फ्लेक्स तू किती रिझोल्यूशनवर उघडतोस?

नवखा_ऑपरेटर
काका, इंचाला ३०० पिक्सेल. सेठ म्हणतात ३०० ठेव, चित्र फाटायला नको. दुकानातलं मशीन त्यावरच हँग होतं.

जुना_फ्लेक्सवाला
वाटलंच. आता हिशेब कर. १० फूट म्हणजे १२० इंच, २० फूट म्हणजे २४०. ३०० ने गुणलं की ३६,००० बाय ७२,००० पिक्सेल. सीएमवायकेत एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एक सपाट लेयर १० जीबीच्या वर. वर नेत्यांचे सतरा फोटो वेगवेगळ्या लेयरवर. कुठलं मशीन टिकेल? फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाईल तर एका बाजूला ३०,००० पिक्सेलच्या पुढे सेव्हच होत नाही, पीएसबी (मोठ्या मापाची फाईल) करावी लागते. तेच ७२ वर उघड: ८,६४० बाय १७,२८०, साधारण ६०० एमबी. फ्लेक्स चौकात वीस फुटांवरून बघतात, भिंग लावून नाही. ३०० ठेव पत्रिकेला, व्हिजिटिंग कार्डाला. प्रिंटरवाल्याला एकदा विचारून घे, पण मी पंधरा वर्षं ७२ वरच दिले, एकही परत आला नाही. आणि फोटोशॉपचा स्क्रॅच (काम करताना तो वापरतो ती तात्पुरती जागा) एसएसडीवर ठेव, हार्डडिस्कवर नको.

तर्रीबाज
काका 🙏 हे आधी का नाही लिहिलं?

जुना_फ्लेक्सवाला
जेवत होतो.

रॅमभाऊ
बरोबर आहे, पण १२ जीबीचं कार्ड असलं तर ३०० वर पण चाललं असतं.

जुना_फ्लेक्सवाला
नसतं चाललं.

रॅमभाऊ
असतं.

पासवाला_पंचवटी
मग शनिवारी येतोस का लॅमिंग्टनला? मी जातोच आहे.

नवखा_ऑपरेटर
सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी लिहितोय, रागावू नका. नवीन काहीच घेतलं नाही. सेठ दुकानात नवीन मशीन घेतायत, तर मी ज्यावर चार वर्षं बसलो तेच त्यांनी मला ८ हजारांत दिलं. आय५ चौथ्या पिढीचा, एच८१ बोर्ड, डीडीआर३.

कारण सांगतो. पत्रिकांचे सगळे जुने नमुने, अगदी बोहल्याच्या चौकटीपासून "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं"पर्यंत, जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. ते उघडायला जे डोंगल (मशीनला लावायची सॉफ्टवेअरची किल्ली) लागतं ते सेठनी मशीनसोबत दिलं, त्यांच्या नव्या मशीनवर सगळं युनिकोड. नव्या पीसीवर मला दीडेकशे पत्रिका परत टाईप कराव्या लागल्या असत्या. काकांनी सांगितलं तसं ७२ वर उघडून बघितलं, हँग नाही झालं. डीडीआर३ ची ८ ची पट्टी जुन्या बाजारात मिळाली, आता १६ झाली, बोर्ड त्यापुढे घेतही नाही. साटा एसएसडी टाकली. वाचलेल्या पैशांत २२ इंची आयपीएस मॉनिटर आणि यूपीएस. सगळं मिळून २४,२००. आईचे ५ परत दिले.

देवळाली_कॅम्प
चौथी पिढी! मी आठवी म्हणालो होतो. विंडोज १० वर बसणार का आता?

नवखा_ऑपरेटर
हो. नेट लावणार नाही. फाईली पेनड्राइव्हने.

देवळाली_कॅम्प
प्रिंटिंगवाल्यांच्या पेनड्राइव्हने. म्हणजे नेटपेक्षा वाईट. अँटीव्हायरस टाक, आणि दर आठवड्याला त्या नमुन्यांची कॉपी वेगळ्या डिस्कवर काढ.

पाथर्डी_फाटा
एसएसडी कुठल्या पोर्टला लावली? एच८१ वर चारपैकी दोनच पोर्ट ६ जीबीपीएसचे असतात, बाकी दोन ३ चे. बोर्डवर पोर्टाशेजारी बारीक लिहिलेलं असतं, टॉर्च लावून बघ.

नवखा_ऑपरेटर
बघितलं. ३ च्याला होती. बदलली. 🙏

रॅमभाऊ
दोन वर्षांनी इथेच येशील ५६००जी विचारायला.

कुंकू_लाल
मॉनिटर घेतला ना, बस. कीबोर्ड नवीन की जुना?

नवखा_ऑपरेटर
जुनाच ताई, सेठ म्हणाले तोपण घेऊन जा. फक्त ळ ला जोर लावावा लागतो. काल एका पत्रिकेत "सकाळी ११ वाजून २७ मिनिटे"चं "सकाी" झालं होतं, प्रूफला मुलीच्या मामांनी पकडलं.