बॉनेट बंद झाल्यावर त्या वायरी कुणासाठी?

घासकागद (धागाकर्ता)
सात महिने टेबलावर शेल्बी कोब्रा ४२७ या गाडीच्या मॉडेलचं १:२४ किट आहे (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढं). इंजिनाला वायरी घातल्या, पेट्रोलच्या नळ्या सोल्डर वायरच्या केल्या, ब्रेकचा मास्टर सिलिंडर स्टायरीन प्लास्टिकच्या तुकड्यांतून उभा केला. परवा बॉडी चासीवर बसवली, दोन हात लांब ठेवली आणि पाहतो तर काय, खेळणं! दरवाजाची फट अर्धा मिलिमीटर. गुणिले २४ केलं की १२ मिलिमीटर, खऱ्या गाडीत बोट अडकेल. चाकाच्या कमानीची कडा सव्वा मिलिमीटर, म्हणजे तीन सेंटिमीटर जाडीचा पत्रा. खरी बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची असते हो.

म्हणून म्हणतो, स्क्रॅचबिल्डिंगच्या, म्हणजे भाग स्वतः घडवण्याच्या, नादात आपण भलत्याच जागी घाम गाळतो. आधी कमानी आतून तासा, फटी बारीक करा, साइड पाइपची (बाजूच्या धुराच्या नळ्यांची) बुजलेली तोंडं कोरा. इंजिन राहिलं तर राहिलं. बॉनेट तसंही बंदच असतं.

स्प्रूवाला
साफ असहमत. तुम्ही लोकांच्या नजरेसाठी मॉडेल करताय, मी करत नाही.

तुमच्याच कोब्राचं घ्या. किटमधला डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज प्रत्येक सिलिंडरला वाटणारा भाग) म्हणजे नुसता मुका खुंटा. मी त्याचं डोकं कापलं, स्टायरीनच्या रॉडची चकती बसवली आणि हातड्रिलनं नऊ भोकं पाडली: मधलं वीज पुरवणाऱ्या कॉइलचं, भोवती आठ स्पार्क प्लगची. खरी प्लगची वायर साधारण ७ मिलिमीटरची, म्हणून इथे ०.३ ची. सातव्या भोकाला चकती उकलली. दुसरी केली, तीही गेली. तिसरी टिकली, कारण तोवर कळलं होतं की मधलं भोक आधी पाडायचं आणि ड्रिल दाबायचं नाही, नुसतं फिरत ठेवायचं.

मग प्रश्न आला, कुठली वायर कुठे? फोर्डच्या या व्ही-८ मध्ये आठ सिलिंडर दोन रांगांत; चालकाच्या सीटवरून पाहिलं तर उजव्या रांगेत १ ते ४, डाव्या रांगेत ५ ते ८, आणि ठिणगीचा क्रम १-५-४-२-६-३-७-८. ७ आणि ८ शेजारी, आणि लागोपाठ पेटतात. हे मला त्या आठ केसांएवढ्या तारा ओवताना समजलं, आधी नाही. बॉनेट बंद झालं म्हणून ते समजणं पुसलं जातं का?

घासकागद
समजणं राहतं, मान्य. पण कपाटात समजणं दिसत नाही, जाड कमान दिसते.

डबाबंद
मी किट डब्यातून निघेल तसं जोडतो आणि शांत झोपतो. तुम्हा दोघांच्याही अर्धवट गाड्या मोजल्या तर माझ्या पूर्ण गाड्यांपेक्षा जास्त भरतील.

बाकी घासकागद, फट बारीक करायच्या आधी रंगाचा विचार केलात का? प्रायमर, रंग, वर क्लिअरचे (पारदर्शक थराचे) दोन-तीन हात. ती रेघ बुजणार आणि दरवाजा बॉडीत विरघळून जाणार. किटवाल्यांनी फट उगाच मोठी ठेवलेली नसते.

घासकागद
फट रुंद नको, खोल हवी. जुनी रेघ सुपरग्लूनं भरायची आणि तासाभरात घासायची. रात्रभर ठेवलात तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो, मग आजूबाजूचं प्लास्टिक झिजतं आणि ग्लूचा उंचवटा तसाच राहतो. मग कडक टेपचा आधार लावून नवी रेघ हलक्या हातानं दहा-पंधरा वेळा ओढायची. प्रत्येक रंगाच्या हातानंतर एकदा पुन्हा. कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही.

कमान तासणाऱ्यांसाठी: आतून आधी काळा रंग मारा. प्लास्टिक फार पातळ झालं की त्यातून उजेड झिरपतो आणि लाल गाडी मिठाईसारखी दिसते.

खरंखोटं
दोघंही एक गोष्ट विसरताय. डिटेल बरोबर आहे हे कशावरून? रस्त्यावरच्या कित्येक ४२७ कोब्रांमध्ये खरं तर फोर्डचं ४२८ इंजिन बसवलेलं होतं (हे आकडे इंजिनाच्या आकाराचे, घन इंचांत). स्प्रूवाला, तुमची गाडी नेमकी कुठली? एका ठरावीक गाडीचे फोटो समोर नसतील, तर त्या वायरी म्हणजे नुसते दागिने.

मी स्वतः हे भोगलंय. फेरारी एफ४० केली, हौसेनं आत मखमली पूड शिंपडून सुंदर गालिचा केला. नंतर फोटो नीट पाहिले. १९८७ ची ती गाडी वजन वाचवायला आतून उघडीच ठेवलेली, गालिचा नाहीच. दार उघडायला हँडलऐवजी दोरी! तीन संध्याकाळी घालून केलेला गालिचा खरवडला आणि त्या जागी शिवणाच्या दोऱ्याचा एक तुकडा लावला. माझ्या सगळ्या मॉडेलांत लोक बोट दाखवतात ते त्या दोऱ्याला.

स्प्रूवाला
४२८ चा टोमणा बसला. तरी सांगतो, ती दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, डिस्ट्रिब्युटर दोन्हींत पुढेच आणि ठिणगीचा क्रमही तोच. माझ्या वायरी वाचल्या!

नवाभिडू
थ्रीडी प्रिंट केलेला डिस्ट्रिब्युटर मिळतो की, भोकांसकट. तो लावला तर चालेल का?

स्प्रूवाला
चालेल. पण त्याला स्क्रॅचबिल्ड म्हणू नका.

डबाबंद
स्वतः संगणकावर आखून प्रिंट केला असेल तर? सुरी चालवली तरच कष्ट, माउस चालवला तर नाही, हा कुठला न्याय?

स्प्रूवाला
…यावर वेगळा धागा काढा. घासकागद, वाद पुरे, तुमच्या कोब्राचा फोटो टाका. बॉनेट उघडून.

घासकागद
काल रात्री बॉनेटची फट बारीक करताना सुपरग्लू आत ओघळला. आता ते उघडत नाही.