आप्पांच्या ट्रेनिंगचा ग्रुप फोटो सापडलाय, साल कसं काढायचं?

खानापूरची_लेक:
नमस्कार मंडळी. मी मूळची खानापूरची, आता बेळगावात शहापूरला असते. माझे वडील, आम्ही आप्पा म्हणायचो, रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे. लोंढा, गुंजी, देसूर असं करत करत शेवटी खानापुरातनंच रिटायर झाले. गेल्या पावसाळ्यात ते गेले. परवा त्यांची लोखंडी ट्रंक उघडली तर दोन झेंडे, एक काच फुटलेला हातदिवा, शिट्टी आणि तळाशी फ्रेम केलेला एक ग्रुप फोटो निघाला.
फोटोत तीन ओळीत पंचवीसेक माणसं आहेत, मागं कौलारू लांब इमारत, पुढं टेबलावर लोखंडी पेटीसारखं कायतरी आहे ज्याला वरती घड्याळासारखी तबकडी आणि बाजूला हँडल. पुढच्या ओळीत एकाच्या हातात टेनिसच्या रॅकेटीची जाळी काढल्यासारखं एक मोठं कडं आहे. उजव्या कोपऱ्यात मालगाडीचा अर्धा डबा दिसतोय आणि त्याच्यावर "द म" अशी अक्षरं. मागं कायच लिहिलेलं नाही.
घरात आता भांडण लागलंय. दुसऱ्या ओळीतला मिशीवाला मला आप्पाच वाटतोय पण आत्या ठाम आहे की हे आजोबा, कारण आप्पांना मिशी कधीच नव्हती म्हणते. आजोबा पण रेल्वेतच होते, नागरगाळीकडं गँगमन. तर हा फोटो कधीचा असेल, ते टेबलावरचं काय आहे आणि फोटो एका बाजूनं काचेला चिकटलाय तो काढू कसा, एवढं कुणी सांगितलं तर बरं होईल.

दुसरं_गेटवाला:
ताई सोप्पं आहे की. द म म्हणजे दक्षिण मराठा रेल्वे. आपली ही मिरज लोंढा लाइन त्या कंपनीनंच घातलेली. म्हणजे फोटो ब्रिटिश काळातला आणि तुमचे आजोबाच असणार. जपून ठेवा, अँटिक आहे.

मिरजेचे_मास्तर:
वरच्या दुसऱ्या गेटच्या, टिळकवाडीच्या भावाला नमस्कार, पण गाडी चुकीच्या लाइनवर घेतलीस बाबा.
मी 34 वर्षं हुबळी डिव्हिजनला काढली, एएसएम म्हणजे असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून लागलो आणि एसएस म्हणजे स्टेशन सुपरिंटेंडेंट होऊन उतरलो. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी होती हे खरं, पण ती 1908 लाच मद्रास रेल्वेबरोबर एक होऊन एम अँड एस एम, म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा झाली. आणि कंपन्यांच्या काळात डब्यावर इंग्रजी अक्षरं असायची, देवनागरीत "दक्षिण मराठा" लिहायला तो काय तुमचा तरुण भारत पेपर होता काय. द म म्हणजे दक्षिण मध्य. 1951 साली सदर्न रेल्वे झाली तेव्हा आपण तिच्यात गेलो, मग 2 ऑक्टोबर 1966 ला दक्षिण मध्य झोन काढला त्यात हुबळी डिव्हिजन तिकडं गेलं, आणि 1 एप्रिल 2003 पासून नैऋत्य रेल्वे, हेडऑफिस हुबळीतच. म्हणजे ज्या डब्यावर द म आहे तो फोटो 1966 च्या ऑक्टोबरच्या आधीचा असूच शकत नाही. नंतरचा कितीही असेल.
पण एक लक्षात ठेवा, डब्यावरनं जागा ठरवू नका. मालडबे देशभर फिरतात, दक्षिण मध्यचा डबा कुठल्याही यार्डात उभा दिसेल. डबा फक्त साल सांगतो आणि ते पण "याच्या आधी नाही" एवढंच. कोपऱ्यात इंजिन असतं तर अजून मजा होती, नंबरप्लेटवर वायपी किंवा वायजी ही इंजिनाची जात दिसली की समजायचं स्वातंत्र्यानंतरचं. स्टेशनचा बोर्ड दिसला तर नावाचं स्पेलिंग बघायचं, बेळगावचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, त्याच्या आधीचे बोर्ड वेगळे.
आता ती पेटी. तबकडी, हँडल आणि शेजारी ते कडं म्हणताय म्हणजे बॉल टोकन इन्स्ट्रुमेंटच, नीलचं मशिन म्हणायचे त्याला. हे एकटं नसतं, जोडी असते, एक आपल्या स्टेशनला आणि दुसरं पुढच्या स्टेशनला, दोन्ही तारेनं बांधलेली. आतमध्ये लोखंडी गोळे, प्रत्येक गोळ्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली. पुढच्या मास्तरनं लाइन क्लिअर, म्हणजे गाडी पाठवायची परवानगी दिली तरच माझ्याकडनं गोळा बाहेर पडणार, आणि एक गोळा बाहेर आहे तोवर दोन्हीकडनं दुसरा निघत नाही, कितीबी हँडल मारा. तो गोळा म्हणजे ड्रायव्हरचा परवाना. एकेरी लाइनवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ही सगळी खटपट. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, आणि न थांबणारी गाडी असली की पॉइंट्समन प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा राहून ते कडं हात वर करून धरणार आणि इंजिनवरचा माणूस त्यात हात घालून उचलणार. तुमच्या फोटोतलं रॅकेट ते हे.
आमचं ट्रेनिंग मौला अलीला झालं, सिकंदराबादजवळ. तिथं मॉडेल रूम होती, मोठ्या टेबलावर खेळण्यातली वाटावी अशी रेल्वे, स्टेशनं, सिग्नल, पॉइंट्स, सगळं चालणारं. मास्तर व्हायला आलेली पंचवीस वर्षांची पोरं खेळण्यापुढं घाम पुसत उभी. मी पहिल्याच दिवशी दोन गाड्या समोरासमोर घातल्या. इन्स्ट्रक्टर कायच बोलले नाहीत, नुसतं विचारलं, किती मेले? ते अजून विसरलो नाही. मशिनच्या घंटेचे ठोके तर झोपेत पण पाठ असायचे, एक ठोका म्हणजे लक्ष द्या, सहा म्हणजे धोका. लग्न झाल्यावर बायको वाटीवर चमचा वाजवून हाक मारायची आणि मी मोजत बसायचो.
पॉइंट्समनचं ट्रेनिंग मात्र आमच्यासारखं लांबलचक नसायचं, त्यांचा क्लास वेगळा. आजोबा कधी रिटायर झाले आणि आप्पा कधी लागले तेवढं सांगा, अर्धं भांडण तिथंच मिटेल.

खानापूरची_लेक:
काका किती छान सांगितलंत!! आप्पांच्या सर्व्हिसच्या कागदात 1967 आहे. आजोबा 1964 ला उतरले असं आई म्हणते. पण आत्या ऐकायला तयार नाही, म्हणते डब्याचं काय सांगतेस, मी मिशी बघितलीय.

लोंढेकर:
ताई माझे बाबा लोंढ्यालाच केबिनमन होते, आता 82 वय आहे, ऐकायला कमी येतंय पण रेल्वेचं विचारलं की सगळं ऐकू येतं. तुमची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली, ते बोलत गेले तसं टाईप करतोय, चुकलं तर समजून घ्या.
ते म्हणतात की आमच्यातल्या निम्म्यांना इंग्रजी वाचायला येत नव्हतं आणि नियमाचं पुस्तक इंग्रजी. शिकवणारे साहेब कन्नडमधनं सांगायचे, मधे हिंदी, आणि आमची खानापूर, नंदगडकडची पोरं एकमेकांना मराठीत समजावून सांगायची, त्यामुळं नियम पाठ झाले ते तीन भाषांची मिसळ होऊन. रुळावर चाकाखाली फुटून ड्रायव्हरला थांबायचा इशारा देणाऱ्या फटाक्यांचं अजून म्हणून दाखवतात, "चारशेवर एक, आठशेवर तीन, मधे दहा दहा". मीटर गेजला लाइनवर अडथळा असला की मागं पळत जाऊन चारशे मीटरवर रुळाला एक फटाका बांधायचा आणि आठशेवर दहा दहा मीटर सोडून तीन. ब्रॉडगेज झाल्यावर ते सहाशे आणि बाराशे झालं, तर बाबा म्हणतात गेज रुंद झालं ते झालं, आमचं पळणं पण वाढवलं. परीक्षेत साहेब आकडा विचारायचेच पण नुसता आकडा नाही, खरोखर पळायला लावायचे, हातात लाल झेंडा घेऊन, आणि मागनं बाकीचे हसायचे.
लिव्हरच्या, म्हणजे केबिनमधनं सिग्नल आणि पॉइंट हलवायच्या दांड्यांच्या रंगाचं पण तसंच. केबिनमध्ये लाल लिव्हर स्टॉप सिग्नलचा, हिरवा वॉर्नरचा म्हणजे पुढच्या सिग्नलची आधी खबर देणाऱ्याचा, काळा पॉइंटचा, निळा लॉकचा, पांढरा म्हणजे कशालाच जोडलेला नाही. त्यांच्या बॅचला एकजण होता कामात ढिला, त्याचं नावच पांढरा लिव्हर पडलं, रिटायर होईपर्यंत.
कॅसलरॉकचं काढलं की मग ते थांबतच नाहीत. तिथनं खाली गोव्यातल्या कुळ्यापर्यंत घाट, 37 फुटाला एक फूट उतार. वरनं सुटताना ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलवायची नाही हे ट्रेनिंगला शंभर वेळा सांगितलेलं पण पहिल्यांदा पावसाळ्यात दूधसागरच्या पुढं इंजिनचा आवाज ऐकला तेव्हा समजलं का सांगत होते ते.
फोटो बघायला मागतायत. मोबाईलवर त्यांना नीट दिसत नाही.

घटप्रभा_एक्सप्रेस:
माझा अनुभव सांगते, उपयोगी पडेल. आमच्या मामांचा असाच एक फोटो होता, ते गार्ड होते. मी एका ॲपमध्ये टाकून रंगीत करून घेतला आणि भावाबहिणींच्या ग्रुपवर टाकला, सगळे वा वा करायले. मामांनी बघितलं आणि म्हणाले हे कुणी केलं, माझ्या हातातले दोन्ही झेंडे हिरवे केलेत! त्या ॲपला काय कळणार, काळ्यापांढऱ्यात लाल काय नि हिरवा काय, दोन्ही राखाडीच. टोपीवरचा बिल्ला पण पुसून भलतंच फूल काढलेलं. तर ताई ओरिजिनल स्कॅन आधी करून ठेवा, 600 डीपीआयला, आणि खेळ करायचा तो कॉपीवर करा.
काचेचं म्हणाल तर ओढू नका. ओल लागून वरचा थर काचेला धरलेला असतो, ओढला की चेहराच काचेवर राहतो. आमचा एका स्टुडिओवाल्यानं ओढला, एक माणूस गेला त्यात. काचेसकट स्कॅनरवर उपडा ठेवा, चांगला येतो. लॅमिनेशन अजिबात नको. मागं नावं लिहायची असतील तर शिसपेन्सिलीनं, बॉलपेनचा वळ पुढं उमटतो.

दुसरं_गेटवाला:
मास्तर मानलं तुम्हाला, शब्द मागं घेतो. आमचं आयुष्य गेट बंद असताना गाडीची वाट बघण्यात गेलं, आत काय चालतंय ते आज कळलं. पण एक शंका, मिरजेत तीन तीन गेज होते म्हणतात ते खरं का?

मिरजेचे_मास्तर:
खरं. पुण्याची लाइन 1971 ला ब्रॉड झाली, कुर्डुवाडीकडची नॅरो, आणि आपली बेळगावकडची मीटर, ती नव्वदच्या दशकात ब्रॉड होईपर्यंत. मिरजेत उतरायचं, सामान डोक्यावर घ्यायचं आणि दुसऱ्या गाडीत चढायचं. हमालांची चांदी होती. असो, हा वेगळा विषय आहे, त्याच्यावर मी रात्रभर लिहीन.
लेकी, फोटोत कुणाच्या टोपीवर बिल्ला किंवा पट्ट्याच्या बकलवर अक्षरं दिसतात का ते भिंग लावून बघ. आणि बायकांच्या भांडणात मी पडत नाही, पण तुझ्या आईला विचारलंस का? आत्याला नको, आईला.

खानापूरची_लेक:
काका तुम्ही म्हणालात म्हणून आईला परत विचारलं. इतके दिवस ती या भांडणात गप्पच होती, मला वाटलं तिला आठवत नसेल. फोटो काचेसकट तिच्या मांडीवर ठेवला. बघितला, पदरानं काच पुसली, आणि म्हणाली, हे तुझे आप्पाच. म्हटलं मग मिशी? तर म्हणते, लग्न झालं आणि पंधरा दिवसात ते ट्रेनिंगला गेले, तेव्हा होती. परत आले त्या रात्री मीच सांगितलं, काढा ती, मास्तरासारखी दिसते. सकाळी उठून काढली आणि परत कधी ठेवली नाही. आत्या तेव्हा सासरी होती, तिला काय माहीत. एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली.
आत्याला फोन केला तर दोन मिनिटं गप्प आणि मग म्हणाली, बघ, मला कुणी कायच सांगत नाही या घरात.
लोंढेकर दादा, रविवारी मी आणि आई लोंढ्याला येतोय, सकाळच्या पॅसेंजरनं. मोठी प्रिंट काढून आणते, बाबांना हातात धरून बघता येईल अशी. आप्पांच्या शेजारी उभा असलेला एकजण मान तिरकी करून हसतोय, त्याला ते ओळखतात का बघूया. आई म्हणते तोच पांढरा लिव्हर असणार.

लोंढेकर:
या की. बाबा आत्तापासूनच दाढी करून बसलेत.